पोचा पडलेला हंडा

फार पूर्वी, भांड्याला भांडं लागलं की खणकन आवाज यायचा आणि तो तांब्याचाच असायचा, अशा काळी एका पेठेच्या गावात एक तांबट राहत होता. त्याच्या हातात कसब होतं, आणि कान तर त्याहून तयार. आळीत वीस हातोडे एकदम पडत असले तरी कुठला घाव कुणाचा, हे तो घरात बसून सांगायचा. पण देवानं त्याला कान दिले होते ते फक्त तांब्यासाठी. माणूस बोलायला लागला की हा नुसता हूं हूं करायचा आणि मनात आपलेच बेत रचत बसायचा.

वीस हातोड्यांची आळी म्हणजे एका गिऱ्हाइकामागे वीस जण. तांबटाला सारखं वाटे, असं एखादं गाव हवं जिथे तांबट आपण एकटेच.

एका वैशाखात तो खांद्याला झोळी अडकवून फिरतीवर निघाला. दोन डोंगर ओलांडून, तीन दिवसांची वाट तुडवून एका चाळीस घरांच्या गावात पोचला. त्या दिवशी पाटलाच्या घरी लग्न होतं. लग्नाच्या मांडवावरून वाटसरूला उपाशी कोण जाऊ देतं? तांबटालाही पंगतीत बसवलं. वाढपी भात घेऊन आला, आणि तांबटाचा हात पानावरच थांबला. त्याची नजर अंगणातल्या चुलवणावर खिळली होती.

चुलवणावर हंडा होता. हंडा तरी केवढा! आत चार पोरांनी लपंडाव खेळावा एवढा. बाहेरून काजळीनं काळाकुट्ट, पण कडीपाशी जिथे हात लागून लागून घासलं होतं तिथे तांबं लालबुंद दिसत होतं. आणि उजव्या कडीखाली तळहाताएवढा पोचा.

‘कुण्या गाढवानं घडवलाय हा?’ तांबट मनात म्हणाला. ‘नेमका कडीखालीच हात चुकला बेट्याचा.’

चार दिवसांनी तो पुन्हा त्याच गावावरून परतत होता. या वेळी कोष्ट्याकडे लग्न होतं. अंगणात तसाच हंडा. उजव्या कडीखाली तसाच पोचा. पुढच्या खेपेला वाण्याकडे लग्न. तोच घाट, तोच पोचा. वैशाख संपता संपता तेल्याकडे जेवला, तेव्हा आधी पान न बघता त्यानं हंडा बघितला. पोचा होताच. तांबटाला हसू आवरेना.

आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेस पडली होती. त्या गावात लग्नं फक्त वैशाखात, शेतं मोकळी झाल्यावर, एकामागून एक. पण एका दिवशी दोन कधीच नाहीत. तेल्यानं तर मुलीचं लग्न दोन दिवस पुढे ढकललं होतं, कारण त्या दिवशी वाण्याकडे होतं. तांबटाला वाटलं, गावात भटजी एकच असेल. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर शेजारी जेवणाऱ्याला सहज म्हणाला असता, “का हो?” दोन शब्दांचा प्रश्न. त्याला ना दाम पडत, ना वेळ लागत. तांबटानं तो विचारला नाही.

घरी येऊन झोळी टेकवायच्या आधीच त्यानं तांबटणीला हाक मारली.

“अगं, नशीब उघडलं आपलं! चार घरी जेवलो, चारही घरी असा अगडबंब हंडा. आणि चारही पोचे पडलेले! कुणी तरी अडाणी कारागीर अख्ख्या गावाच्या गळ्यात आपला माल मारून गेलाय. चाळीस घरं, म्हणजे चाळीस हंडे. मी नवे घडवून ठेवले की ते जुने कोण ठेवून घेईल?”

तांबटीण भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “पण त्यांना नवे हवेत का? कुणाला विचारलंत?”

“वेडी की काय तू? विचारलं म्हणजे बभ्रा झाला! आज मी विचारायचं, आणि उद्या आळीतले एकोणीस जण माझ्याआधी तिथे भाते लावून बसायचे. मी सगळं डोळ्यांनी बघून आलोय. डोळ्यांवर विश्वास नाही तुझा?”

दिवाळी झाली आणि तांबटानं पेठेतलं घर सोडलं. बैलगाडीत तांबं, ऐरण, हातोडे, भाता, बायको आणि उपवर झालेली एकुलती एक मुलगी, असा सगळा पसारा घालून तो डोंगरापलीकडे राहायला गेला. गावाच्या वेशीत शिरायच्या आधी त्यानं गाडी थांबवली आणि बायकोला म्हणाला, “तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. पाणवठ्यावर भांड्यांचा विषय काढायचा नाही. दुसऱ्या कुणी काढलाच तर घागर उचलायची आणि चालू लागायचं.”

तांबटीण शपथेला जागणारी बाई होती. ती तशीच वागली. पाणवठ्यावर बायका तिच्याशी गोड बोलत, गावच्या चार गोष्टी सांगत. कुणी म्हणालं, “तांबटीणबाई, आमच्यात लग्नाला तांब्याचं भांडं लागतं बघा,” की ही घागर उचलून वाटेला लागे. बायका एकमेकींकडे बघत. शहरातली दिसतेय, असं म्हणून सोडून देत.

इकडे तांबटाच्या बंद दारामागे, घरामागच्या मोकळ्या परसात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठण् ठण् चालू झालं. लोकांना कुतूहल वाटायचंच. पण कुणी डोकावलं की तांबट दार लोटून घ्यायचा. चैत्रात एक शेतकरी आला.

“तांबटमामा, वैशाखात पोराचं लगीन हाय. एक काम व्हतं तुमच्याकडं.”

“काय काम आहे ते ठाऊक आहे मला,” तांबट गालात हसून म्हणाला. “अक्षय्यतृतीयेला या.”

“आवो, पर त्येच्या आधी पायजे. लगीन दुसऱ्याच दिशी हाय. ऐका तरी...”

“अक्षय्यतृतीयेला!” म्हणून तांबटानं कडी घातली. असे त्या महिन्यात एकूण आठ जण आले आणि आठही जण बंद दाराकडे बघून परत गेले. आत तांबट खुशीत होता. माल तयार व्हायच्या आधीच गिऱ्हाइकांची रीघ लागली, असं त्याला वाटत होतं. खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांची रीघ लागलीच होती. फक्त ती कशासाठी, हे त्याला माहीत नव्हतं.

पहिल्या खेपेला अकरा हंडे घडवायचे असा त्याचा बेत होता. नऊ झाले आणि तांबं संपलं. पेठेला जाऊन आणायचं तर जाऊन-येऊन सहा दिवस, आणि तिथे कुणाला सुगावा लागला तर? तांबट घरात इकडून तिकडे फिरला आणि कोपऱ्यातल्या फळीपाशी येऊन थांबला.

फळीवर लेकीच्या लग्नाची भांडी होती. लेक जन्मली त्या वर्षापासून तांबटीण दर दिवाळीला एकेक भांडं बाजूला काढत आली होती. घागर, कळशी, परात, तांब्या, पेले. सगळ्यांत मोठं घंगाळ, तांबटणीला तिच्या आईनं दिलेलं. लेकीची पहिली आंघोळ त्याच घंगाळातल्या पाण्यानं झाली होती. आता लेकीचं लग्न ओढ्यापलीकडच्या गावात ठरलं होतं, याच वैशाखात.

“त्याला हात लावू नका,” तांबटीण म्हणाली.

“अगं, नुसते दोन महिने उसने दे. याच्या दुप्पट भांडी घालीन लेकीला.”

“अहो, एकदा, फक्त एकदा कुणाला तरी विचारा. तुमच्यानं होत नसेल तर माझी शपथ सोडवा. मी विचारते.”

“तोंडाशी आलेला घास तू घालवणार!” तांबट कडाडला.

तेव्हा लेकच पुढे झाली. तिनं फळीवरून घंगाळ काढलं, पदरानं पुसलं आणि बापापुढे ठेवलं. “असू दे आई. बाबा देतील परत.” तांबटणीनं तोंड फिरवलं, कारण घंगाळावर हातोडा पडताना तिला बघवणार नव्हतं. त्या दिवशी मुशीत सगळं वितळलं आणि अक्षय्यतृतीयेच्या आत दहावा-अकरावा हंडा पुरा झाला.

अक्षय्यतृतीया उजाडली. तांबटानं अंगणात अकरा हंडे ओळीनं मांडले. चिंचेनं घासलेले, उन्हात बघवत नव्हते इतके लखलखणारे. गाव लोटला. लोकांनी बोटांनी हंडे वाजवून पाहिले. नाद असा, की लहान मुलं परत परत वाजवू लागली. “काय हात हाय!” “असं काम बघितलं न्हवतं बाबा.” तांबट कमरेवर हात ठेवून उभा होता. आता कोण पहिला भाव विचारतो, एवढंच त्याला बघायचं होतं.

अर्धा दिवस गेला. कौतुक सगळ्यांनी केलं. भाव कुणीही विचारला नाही.

शेवटी पाटील पुढे आला. हंड्याच्या काठावरून हात फिरवत म्हणाला, “झ्याक झालेत. कुठल्या देवस्थानाचे म्हनायचे?”

“देवस्थान?” तांबट हसला. “तुमचे! घरटी एकेक. पाटील, पहिला तुम्ही उचला.”

पाटलीण मागेच उभी होती. तिनं हंड्याच्या पोटाला वितीनं माप घेतलं. सहा विती. मग ती समोरच्याच आपल्या घरापाशी गेली आणि दाराला वीत लावली. डोंगरवाऱ्यामुळे त्या गावात सगळीच दारं अरुंद. तेही चारच विती भरलं. पाटलीण तिथूनच ओरडली, “आवो तांबटभावजी, ह्यो आत जायाचा कसा?”

लोक हसले. तांबट हसला नाही. “मग तुमचा जुना कसा जातो?”

“कुठला जुना?”

“तुमचा! लग्नात चुलवणावर होता तो. उजव्या कडीखाली पोचा पडलेला.”

हसणं एकदम थांबलं. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मग गर्दीतून देवळातला म्हातारा गुरव पुढे आला आणि तांबटाच्या दंडाला धरून म्हणाला, “चला माझ्यासंगं.”

देवळाच्या मागे एक कोठार होतं. त्याचं दार मात्र चांगलं गाडी आत जाईल एवढं रुंद. गुरवानं ते उघडलं. आत, मधोमध, तो हंडा पालथा घातलेला होता.

तांबट वाकला. पालथ्या हंड्याची कडी त्यानं चाचपली, मग कडीजवळची जागा. पोचा हाताला लागला. तळहात त्यात बरोबर बसला.

“हा... हा पाटलाकडचा ना?”

“व्हय, पाटलाच्या लग्नात गेला व्हता.”

“मग कोष्ट्याकडचा कुठे आहे?”

“ह्योच की.”

“वाण्याचा?”

“आवो, ह्योच.”

“तेल्याचा?”

“तांबटमामा, गावात हंडा एकच. देवाचा. ज्याच्या घरी लगीन त्याच्याकडं गाडीतनं जातो आनि दुसऱ्या दिशी परत येतो. म्हनून तर आमच्यात एका दिशी दोन लग्नं निघत न्हाईत. माझ्या आज्याच्या वक्ताला ह्यो गाडीतनं पडला, तवा पोचा आला. अजून शंभर वर्सं जाईल बघा.”

शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात, ते खोटं नाही. पण तांबटानं चारदा हात घातला होता आणि चारही वेळा हाताला तेच एक शीत लागलं होतं! नुसत्या आवाजावरून वीस हातोडे ओळखणारा माणूस, एक हंडा चार वेळा बघून त्याला ओळखता आला नाही. भिंतीचा आधार घ्यावा म्हणून त्यानं हात टेकला तर हाताखाली काही तरी खणखणलं.

भिंतीला फळ्या होत्या, आणि फळ्यांवर तांबे. शंभर, दोनशे, खालपासून आढ्यापर्यंत. प्रत्येक तांब्यावर नावं कोरलेली.

“हे काय?”

“ही आमची रीत. लगीन लागलं की नवरानवरीनं देवाला एक तांब्या द्यायचा, दोघांची नावं घालून. पंगतीला पानी ह्याच तांब्यांनी वाढतात. यंदा तुमच्या लेकीचं धरून धा लग्नं हायेत. गावाला वाटलं, तांबट दारातच आलाय, तीन दिसांची पायपीट वाचली. आठ जन तुमच्या दारात आले, तुम्ही ऐकूनच घेतलं न्हाई. मग काय करतील? गेले पेठेला.”

“पेठेत कुठे?” उत्तर ठाऊक असूनही तांबटानं विचारलं.

“तांबट आळीत.”

ज्या आळीतून तो आपला बेत चोरून घेऊन पळाला होता, त्याच आळीत त्याचं गिऱ्हाईक चालत गेलं होतं.

कोठाराच्या दारात बायका जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “आम्ही तर तांबटीणबाईंना सा महिने सांगतोय. पर विषय काढला की त्या घागर उचलून चालाय लागायच्या. आमाला वाटलं, गर्व हाय.”

तांबटीण त्यांच्याच मागे उभी होती. तिनं तो हंडा पाहिला, फळ्यांवरचे तांबे पाहिले आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही.

“आता सुटली का माझी शपथ?” एवढंच तिनं विचारलं.



लेकीचं लग्न काही थांबणार नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी देवळाची बैलगाडी तांबटाच्या अंगणात आली आणि चार गड्यांनी तो पोचा पडलेला हंडा खाली उतरवला. शेजारी अकरा नवेकोरे हंडे ओळीनं उभे. त्यांच्यातला एकही चुलीवर चढला नाही, कारण या गावातला लग्नाचा भात देवाच्याच हंड्यात शिजायचा. तांबटानं नकळत हातोडा उचलला. निदान एवढा पोचा तरी काढावा.

“नगं,” गुरव म्हणाला. “त्यावरनंच वळखतो आम्ही आमचा हंडा.”

तांबटानं हातोडा खाली ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं. उद्या लेकीनं देवाला तांब्या द्यायचा होता. तांबटाच्या लेकीनं! आणि घरात तांब्या नव्हता. फळीवरचा तांब्या कधीच हंड्यात गेला होता.

तो उठला. अकराव्या हंड्यापाशी गेला. घंगाळाचं तांबं त्यातही होतं. त्यानं मोठी कात्री काठाला लावली आणि कर्रकन चालवली. लोक बघत राहिले. पत्र्याचा तुकडा हातात आल्यावर तो ऐरणीपाशी बसला, पण घाव घातला नाही. गुरवाकडे वळून म्हणाला, “बाबा, तांब्या केवढा लागतो तुमच्यात? तोंड रुंद हवं की निमुळतं? पाणी वाढताना बायकांना जड होत नाही ना?”

गुरव सांगत होता, बायका मध्ये मध्ये भर घालत होत्या, आणि तांबट एकेक गोष्ट कान देऊन ऐकत होता. त्या गावात येऊन सहा महिने झाले होते आणि कुणाला काय हवं म्हणून त्यानं विचारलेले हे पहिलेच प्रश्न होते. संध्याकाळपर्यंत तांब्या तयार झाला. टाकी हातात घेऊन तो तांबटणीकडे गेला.

“नावं कुठे कोरू? काठावर की पोटावर?”

तांबटणीनं तांब्या हातात घेऊन फिरवून पाहिला. “लेकीच्या जन्मापासून साठवलेलं सगळं मोडलंत तेव्हा विचारलं नाहीत,” ती म्हणाली. “आता पोटावर कोरा.”

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. लेकीनं तांब्या देवाला दिला, तो फळीवर चढला. घंगाळाच्या तांब्यातली तेवढीच एक वस्तू वापरात आली, आणि तीही घरात राहिली नाही. लेक सासरी निघाली तेव्हा तिच्या गाडीत भांडं म्हणून काही नव्हतं. वेशीपाशी बापानं तिचे हात धरले. बोलायचं खूप होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते एकच, “रागावलीस का गं?” आणि लेकीनं नाही म्हणून मान हलवली, तेव्हा तो भर रस्त्यात लहान मुलासारखा रडला.

पुढे तांबट त्याच गावात राहिला आणि दर वर्षी तांबे घडवू लागला. बरं चाललं त्याचं. लेकीला त्यानं घागर दिली, परात दिली, सगळं दिलं. फक्त आजीचं घंगाळ कुणालाही परत देता आलं नाही.

दहा हंडे अंगणात पालथे पडून हिरवे पडले. ते मोडायला त्याचा हात कधी धजावला नाही. जाता-येता पोरं त्यांच्यावर खडे मारून पळत. हंडा घुमे आणि आत ऐरणीपाशी बसलेला, कानानं एवढा तयार असलेला तांबट दर वेळी दचकून हातोडा थांबवी, दारात कुणी काही मागायला आलंय की काय ते ऐकायला.

तात्पर्य: दुकान मांडण्याआधी नुसतं मोजू नका, विचारा. दुसरा ऐकेल या भीतीनं जो गिऱ्हाइकाला काही विचारत नाही, त्याला गिऱ्हाईक दारात येऊन काय मागतंय तेही ऐकू येत नाही.